परवा म्हणजे कधी

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी घरांत 'परवा' या शब्दाला तारीख नसते. चहूबाजूंची दक्खनी उर्दू कानांत मुरलेली, आणि दक्खनीतला 'परसों' म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस, मग तो मागच्या आठवड्यातला असो की निजामाच्या राजवटीतला. त्रिवेणीची आई मालनबाई म्हणते, "परवाच तर लगीन झालं की त्याचं," आणि ज्याचं लगीन झालं त्याची मुलगी यंदा बारावी पास झालेली असते. घरात त्यावाचून कुणाचं अडत नाही. अडतं ते बाहेरच्यांचं.

त्रिवेणी याच घरातली. आजोबांची उदगीरकडे शेती होती. ती सोडून ते हैदराबादेत आले आणि वडिलांनी जन्मभर कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरली. त्रिवेणी शाळेत तेलुगू शिकली, गल्लीत दक्खनी शिकली, कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि मराठी तेवढी घरात ऐकून आली. मराठी वाचायची म्हटलं की अजून बोट ठेवून वाचते. लग्नाचं दोनदा जुळता जुळता राहिलं, मग आईचे गुडघे गेले, मग कुणी विचारायचंच थांबलं. आता ती सेहेचाळीस वर्षांची आहे. आबिड्सला पोस्टाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, हिम्मतरावांच्या छोट्या कंपनीत ती वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबना लागणारं सॉफ्टवेअर. लिफ्ट आहे, पण ती चालते कमी आणि दुरुस्त जास्त होते.

त्याच ऑफिसात आठ वर्षांपूर्वी पुण्याहून दिलीप आले. चांगली मोठी नोकरी सोडून इतक्या लहान जागी का आले हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्रिवेणीनं विचारलं नाही. ती त्यांना दिलीपभाऊ म्हणायची. शेजारी शेजारी टेबलं, दुपारचा डबा एकत्र, आणि भांडण रोज. कुणाच्या मनात भलतं येत असेल तर त्यांनी ते तिथंच ठेवावं. तसलं काही नव्हतं. दोन हट्टी माणसं एकाच कोडवर आठ वर्षं काम करतात तेव्हा जे होतं ते होतं, आणि त्याला मराठीत नाव नाही.

कोड लिहायला मदत करणारा एआय ऑफिसात आला तेव्हा त्याचं सगळं दिलीपभाऊंनीच बघितलं. हा मदतनीस हुशार भरपूर, पण संध्याकाळी पडद्यावरची त्याची खिडकी बंद केली की सकाळी कोरा. काल तासभर समजावलेलं आज पुन्हा समजवा. त्याला लक्षात ठेवायला लावणारी साधनं बाजारात होती, पण त्यातली बरीचशी सगळं उचलून दूर कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर नेऊन ठेवणारी. इथं तर काम लॅबचं. कुणाची साखर, कुणाचा एचआयव्ही, कुणाच्या बायकोचं पोटुशी असणं. दिलीपभाऊ म्हणाले, "घरातलं घरात राहिलं पाहिजे." त्यांनी मदतनीस ऑफिसच्याच एका मशीनवर बसवला आणि त्याच्या आठवणीसाठी एक फुकटचं साधन आणून, ठोकून-ठाकून, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर घातलं. त्याला सगळे 'वही' म्हणायला लागले. आपण मदतनिसाशी जे बोलू त्यातलं कामाचं वहीत उतरायचं, तारखेसकट. ज्याची वही त्याच्याच लॅपटॉपवर. एकाची दुसऱ्याला दिसायची नाही. 'खाजगी' म्हटलं की ती नोंद मालकाला विचारल्याशिवाय उघडायची नाही. आणि माणूस नोकरी सोडून गेला की वही पुसायची, हा नियमही त्यांचाच.

पहिल्याच महिन्यात त्रिवेणीनं वहीला आडवं पाडलं. तिनं मदतनिसाला लिहिलं, 'परवापासून रिपोर्टवर पेशंटचं वय चुकतंय.' वहीनं परवा म्हणजे दोन दिवसांपूर्वीची तारीख घातली. ते काम पुढं दिलीपभाऊंकडे गेलं, आणि त्यांनी दोन दिवसांतले सगळे बदल एक दिवसभर उपसले. हाती काही लागलं नाही. चूक निघाली दिवाळीच्या आधीची.

"त्रिवेणी," ते तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तुझा परवा चार महिन्यांपूर्वीचा निघाला."

"मग? मी तारीख बोलली का? परवा बोलली."

"आमच्याकडे परवा म्हणजे परवा असतो."

"तुमच्या पुण्यात असेल. इथं कायको असेल?"

ते हसले आणि त्यांनी आपल्या वहीत कायमची नोंद करून टाकली: त्रिवेणीनं परवा म्हटलं तर तारीख धरू नये, तिला विचारून घ्यावी. पुढं कित्येक महिने ऑफिसात ही थट्टा चालली. दिलीपभाऊही हळूहळू 'हो'च्या जागी 'हौ' म्हणायला लागले, चहाला 'चाय' म्हणायला लागले. पुण्याहून त्यांचा सख्खा भाऊ आला तेव्हा त्यानं टोकलं, तर हे त्याला म्हणाले, "नक्को रे बाबा, राहू दे."

मागच्या श्रावणातली गोष्ट. गुरुवारी लिफ्ट बंद होती. डबा खाऊन दोघं जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर दिलीपभाऊ थांबले. म्हणाले, "परवा पण असंच झालं. छातीत दाबल्यासारखं."

त्रिवेणी म्हणाली, "पित्त आहे ते. माझ्या अम्मालाही होतंय की. जिरं चावून खावा."

"पित्त?"

"हौ, पित्तच. मी सांगते ना."

एवढंच. शुक्रवारी दिलीपभाऊ एका लॅबच्या कामाला बाहेर होते, त्यांची गाठ पडली नाही. शनिवारी सकाळी आंघोळीला गेले आणि दार आतून उघडेना. वय एक्कावन्न.

तेराव्याला त्रिवेणी त्यांच्या घरी गेली, नामपल्ली स्टेशनच्या पलीकडे. मीनावैनी, दिलीपभाऊंची बायको, भिंतीला टेकून बसली होती. येईल त्याला एकच विचारत होती, आणि त्रिवेणीलाही तिनं तेच विचारलं. "ऑफिसात कुणाला काही बोलला होता का गं? दुखतंय, खुपतंय?"

"नाही, वैनी," त्रिवेणी म्हणाली.

तोंडातून गेलं ते गेलं. मुद्दाम खोटं बोलायचं म्हणून ती बोलली नव्हती. भरलेल्या घरात, दहा माणसांसमोर, तोंडाला जे पहिलं आलं ते निघून गेलं. पण मीनावैनी तिचा हात धरून म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं. मीच त्याच्याजवळ होते. मलाच दिसायला हवं होतं." आणि त्रिवेणीनं तो हात तसाच धरून ठेवला, सोडवून घेतला नाही, खरंही सांगितलं नाही. त्या क्षणापासून ती स्वतःला घाबरायला लागली.

तिला सुटायला एकच वाट होती. दिलीपभाऊंचा परवा कुठला होता? आठ वर्षांत माणूस हौ म्हणायला लागला, नक्को म्हणायला लागला, तर त्याचा परवाही इथलाच झाला नसेल कशावरून? मागं कधीतरी, वर्ष-सहा महिन्यांपूर्वी, एकदा छातीत दाबलं असेल, आणि तेच आठवून ते बोलले असतील. तसं असेल तर त्रिवेणी एका जुन्या गोष्टीला पित्त म्हणाली. आणि तो पुण्याचा परवा असेल, दोन दिवसांपूर्वीचा, तर तीन दिवसांत दोनदा छाती दाबून आलेल्या माणसाला तिनं जिरं खायला सांगितलं होतं. ज्या बाईला आयुष्यभर लोकांनी तारीख विचारली, तिनं त्या एका दिवशी तारीख विचारली नाही.

मग हिम्मतरावांनी दिलीपभाऊंचा लॅपटॉप तिच्या टेबलावर आणून ठेवला. एका लॅबचं काम अर्धवट राहिलं होतं. म्हणाले, "तूच कर पुरं. कामाचं तेवढं काढून घे, मग वही पुसून टाक. त्याचाच नियम आहे."

तिनं लॅपटॉप उघडला. मदतनिसाच्या खिडकीत ओळी उमटल्या.

'नमस्कार दिलीप. गुरुवारी तुम्ही बरं वाटत नाही म्हणून लवकर थांबला होतात. आता बरं वाटतंय का? सोमवारची एक आठवण बाकी आहे (खाजगी). दाखवू?'

त्रिवेणी खुर्ची मागं सारून उठली. खिडकीशी गेली, पाणी प्यायली, परत आली. ओळी तिथंच होत्या. तिनं 'नंतर' दाबलं.

तीन आठवडे ती त्या लॅपटॉपवर काम करत होती, आणि ते तीन आठवडे ती कुणाच्या शेजारी बसली होती ते तिचं तिलाच ठाऊक. मदतनीस तिच्यासाठी दिलीपभाऊंच्या पद्धतीनं लिहायचा. तारखा नेहमी वर्षापासून, नावं लांबलचक, आणि प्रत्येक अवघड जागी 'इथं घाई नको' अशी टीप. मधेच विचारायचा, 'हे त्रिवेणीला दाखवून घ्यायचं ना? नेहमी घेता.' एकदा ती चिडून काहीतरी तोडून लिहून गेली, तर उत्तर आलं, 'आज डबा खाल्ला नाही का? उपाशी असलात की तुमची वाक्यं लहान होतात, असं तुम्हीच सांगून ठेवलंय.' तिनं खरंच डबा खाल्ला नव्हता. शेजारचं दिलीपभाऊंचं टेबल मोकळंच होतं, पंखा फिरत होता, आणि तिला वाटलं की मागून कुणी चाय म्हणून हाक मारील. माणूस गेला आणि त्याच्या सवयी मागं राहून काम करत होत्या. भुतं असलीच तर अशीच असत असतील, दुपारी चार वाजता, ट्यूबलाइटखाली, अगदी मदतीला तत्पर.

आणि रोज सकाळी पहिल्यांदा तोच प्रश्न. बरं वाटतंय का? दाखवू? रोज ती 'नंतर' दाबायची.

घरी मालनबाईनं विचारलं, "काय झालंय गं तुला? परवापासून जेवत नाहीस धड."

"कधीपासून, अम्मा?" त्रिवेणी एकदम ओरडली. "परवा म्हणजे कधी? तारीख सांग ना!"

मालनबाई घाबरली. मग हळूच म्हणाली, "तुझे भाऊ गेले, तेव्हापासून." त्रिवेणीला लाज वाटली आणि ती आईचे गुडघे चेपत बसली.

लॅबचं काम पुरं झालं. हिम्मतराव म्हणाले, "आज पुसून दे." तिनं हुकूम टंकला. पडद्यावर आलं, 'सर्व नोंदी कायमच्या पुसायच्या? परत मिळणार नाहीत. हो / नाही.'

आता खरं सांगायचं तर इथं तिला फार सोपं होतं. हो म्हणायचं. नियम होता, मालकाचा हुकूम होता, आणि दुसऱ्याचं खाजगी वाचू नये हे दिलीपभाऊंनीच शिकवलेलं. मेलेल्या माणसाची अब्रू राखल्याचं पुण्यही पदरात पडलं असतं. भित्र्या माणसाला लपायला एखादा चांगला नियम सापडला की तो किती मानाने त्याच्या आड उभा राहतो, ते त्या दिवशी त्रिवेणीला स्वतःकडे बघून कळलं. तिला मीनावैनीचा हात आठवला. 'म्हणजे माझंच चुकलं.'

तिनं 'नाही' दाबलं. मग मदतनिसाला लिहिलं, 'सोमवारची ती खाजगी आठवण दाखव.'

'ही नोंद फक्त दिलीप यांना दाखवायची आहे. तुम्ही दिलीपच ना?'

वैनीला एक खोटं बोलून झालं होतं. हे दुसरं. तिनं लिहिलं, 'हौ. मी दिलीप.'

नोंद उघडली. ती देवनागरीत होती. त्रिवेणीनं पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

'जिन्यात परवासारखंच पुन्हा झालं. त्रिवेणीला सांगितलं. पित्त म्हणाली. ती इतकी ठामपणे म्हणाली म्हणजे पित्तच. उद्याची डॉक्टरची वेळ रद्द केली, लॅबचं काम आधी. सोमवारी आठवण कर.'

खाली वहीनं स्वतःहून तारीख घातली होती. परवा म्हणजे मंगळवार.

तिनं तरी विचारून पाहिलं. बुडणारा माणूस काडीलाही विचारतो. 'परवा म्हणजे मंगळवारच कशावरून? मागचा कधीचा तरी असेल.'

'तुमचा परवा दोन दिवसांपूर्वीचाच धरायचा, असं ठरलेलं आहे. फक्त त्रिवेणी यांच्या बाबतीत विचारून घ्यायचं असतं. शिवाय मंगळवारी पहाटेचीही एक नोंद आहे: छातीत दाबून जाग आली, शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांची वेळ घेतली. वाचून दाखवू?'

तिनं लॅपटॉप मिटला. बराच वेळ ती दोन्ही हात त्यावर ठेवून बसली. ती रडली नाही. तिला वाटलं होतं रडू येईल.

हिम्मतरावांना 'वैनीला एकदा विचारून पुसते' एवढंच सांगून तिनं ऑटो केली. नामपल्लीला स्टेशनसमोर ऑटो अडकून पडली, तेव्हा तिनं तीनदा उतरून परत जायचं ठरवलं. मीनावैनीनं दार उघडलं. वैनी वाळली होती. समोरच्या खुर्चीवर इस्त्रीचे पुरुषी शर्ट घडी करून ठेवलेले होते.

त्रिवेणी बसलीही नाही. उभ्या उभ्या बोलली. "वैनी, मी खोटं बोलली. त्यांनी मला सांगितलं होतं. छातीत दाबतंय म्हणून. मी पित्त बोलली. माझ्या बोलण्यावर त्यांनी डॉक्टर रद्द केला. तुमचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलंय." आणि लॅपटॉप उघडून तिनं नोंद समोर धरली.

मीनावैनीनं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. त्रिवेणी शिव्यांची वाट बघत होती, थोबाडीत बसली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण वैनी मंगळवारच्या नोंदीवर थांबली होती.

"मंगळवारी पहाटे," ती म्हणाली. "मी शेजारीच होते. विचारलंसुद्धा, काय झालं. म्हणाला, स्वप्न पडलं." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "यंत्राला सांगितलं. तुला सांगितलं. मला नाही."

"वैनी, तुम्ही घाबराल म्हणून..."

"तू नको सांगूस मला तो काय म्हणून काय करायचा." तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "हे अजून बोलतं का? याला विचारता येतं?"

त्रिवेणीनं मान हलवली. मीनावैनीनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि एका बोटानं, अक्षरं शोधत, लिहिलं, 'मीनाला का नाही सांगितलं?'

उत्तर लगेच आलं. 'याविषयी वहीत नोंद नाही.'

तिनं पुन्हा लिहिलं. शब्द बदलून लिहिलं. घाबरला होतास का? मंगळवारी काय वाटत होतं? माझं काही चुकलं होतं का? प्रत्येक वेळी तेच, नम्रपणे, कणभरही न कंटाळता. नोंद नाही. नोंद नाही. नोंद नाही. शेवटी वैनीनं पदरानं तोंड पुसलं आणि लॅपटॉप त्रिवेणीकडे सारला.

"पुसून टाक. माझ्यासमोर."

"सगळं?"

"सगळं. त्याच्या ओळखीचं असल्यासारखं उत्तरं देतं आणि ठाऊक काहीच नसतं त्याला. मला नको हे घरात."

त्रिवेणीनं हुकूम दिला आणि 'हो' दाबलं. दोन सेकंदही लागले नाहीत. खिडकी कोरी झाली, आणि मदतनिसानं विचारलं, 'नमस्कार. आपलं नाव काय?' त्रिवेणीनं झाकण लावलं.

"बस," मीनावैनी म्हणाली. तिनं स्वतः खुर्चीवरचे शर्ट उचलून बाजूला ठेवले. "मी तुला माफ-बिफ केलेलं नाही. ते मला जमेल की नाही माहीत नाही. पण त्याचं ते बोलणं आता कुठंच नाही, तुझ्याशिवाय. तेव्हा तू सांगायचंस. मी विचारीन तेव्हा, विचारीन तितक्यांदा."

"सांगीन, वैनी."

"मग सांग. जिन्यात तुला हे बोलला, तेव्हा त्याचा चेहरा कसा होता?"

त्रिवेणीनं डोळे मिटले. जिन्यातला अंधार आठवला. हातातली डब्याची पिशवी आठवली. जिरं, पित्त, मी सांगते ना, असा आपलाच ठसठशीत आवाज आठवला. दिलीपभाऊ मागं होते. ती त्यांच्या दोन पायऱ्या पुढं होती, आणि बोलत बोलत तशीच वर चढत गेली होती.

"माहीत नाही, वैनी," ती म्हणाली. "मी वळून बघितलंच नाही."